पेशीचं फाटक आणि कॅन्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात पीयूसीच्या मुलांना मी जीवशास्त्र शिकवते. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलं अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तकासमोर बसतात, आणि पेशीचक्राच्या धड्याला त्यातली निम्मी गप्प होतात. बाकीचे प्रश्न घरांतून येतात. निपाणी, चिकोडी, खानापूर या भागांतून कुणाच्या तरी आईचा किंवा मामांचा रिपोर्ट फोटो काढून येतो आणि खाली लिहिलेलं असतं, "मॅडम, हे काय लिहिलंय?" रिपोर्ट इंग्रजीत, दवाखान्यातल्या पाट्या कन्नडमध्ये आणि घरातली काळजी मराठीत. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उपचार कोणता घ्यायचा हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. ते जे सांगतात ते समजावं, एवढ्यासाठी हे पान आहे.

१. पेशीचक्र म्हणजे नेमकं काय?

एका पेशीच्या दोन पेशी होईपर्यंतचा सगळा प्रवास. आधी पेशी वाढते, मग आपल्या डीएनएची पूर्ण नक्कल करते, नक्कल नीट झाली का ते तपासते आणि शेवटी दोन भागांत विभागते. माणसाच्या एका पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. त्यांतला डीएनए सरळ केला तर साधारण दोन मीटर भरेल. एवढं सगळं एकदाच, एकही भाग न गाळता आणि एकही भाग दोनदा न करता उतरवून काढायचं असतं. म्हणून या कामावर इतका कडक पहारा आहे.

२. जी१, एस, जी२, एम लक्षात राहत नाही. सोपं करून सांगाल का?

जी१ ही वाढीची पायरी, एस ही डीएनएच्या नकलेची, जी२ तपासणीची आणि एम म्हणजे प्रत्यक्ष विभाजन. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशीला हा फेरा पुरा करायला साधारण २४ तास लागतात: जी१ ला सुमारे ११ तास, एस ला ८, जी२ ला ४ आणि एम ला जेमतेम १. पुस्तकातल्या चित्रात एम टप्प्याला भरपूर जागा दिलेली असते, त्यामुळे मुलांना वाटतं पेशी सारा वेळ विभागतच असते. खरं तर तिचा जवळजवळ सगळा दिवस तयारीतच जातो.

३. प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळात विभाजन दिसतच नाही. आमचं काय चुकतं?

बहुतेक वेळा काहीच चुकत नाही. मुळाचं अगदी टोक, दोन-तीन मिलिमीटर एवढंच घ्या, ॲसिटोकार्मिनमध्ये रंगवा आणि काचेवर दाबताना अंगठा सरकू देऊ नका. मग आधी कमी भिंगातून बघा. लालसर गोल केंद्रकांच्या रांगाच रांगा दिसतील. या सगळ्या पेशी प्रश्न २ मधल्या तयारीच्या पायऱ्यांवर आहेत. काच हळूहळू सरकवत राहिलात की मधेच एका पेशीत केंद्रक विरलेलं आणि काळपट दोऱ्यांचा गुंता दिसेल. तिच्यापासून चार घरं पुढे कदाचित दुसरी सापडेल, जिच्यात दोऱ्यांचे दोन झुपके एकमेकांपासून दूर ओढले जात आहेत. शंभर पेशींत अशा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच मिळतात. जर्नलमध्ये हे प्रमाण मोजून लिहा. पॅथॉलॉजिस्टही गाठीच्या तुकड्यात विभागणाऱ्या पेशी अशाच मोजतात.

४. माणसाच्या सगळ्या पेशी सतत विभागत असतात का?

नाही. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी काही दिवसांत बदलतात, आणि तोंडातल्या अस्तरालाही फार वेळ लागत नाही. मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी मात्र एकदा तयार झाल्या की पुन्हा विभागत नाहीत. यकृताच्या पेशी या दोन्हींच्या मधल्या: एरवी शांत, पण यकृताचा भाग कापला तर पुन्हा चक्रात उतरतात. चक्राबाहेरच्या या विसाव्याला जी० म्हणतात. विसाव्यात असणं म्हणजे मेलेलं असणं नव्हे, ती पेशी आपलं नेहमीचं काम करतच असते.

५. पुस्तकातले चेकपॉइंट म्हणजे काय?

बेळगावच्या टिळकवाडीत राहिलेल्याला हे समजावून सांगायला वेळ लागत नाही. पहिलं रेल्वे गेट, दुसरं रेल्वे गेट, तिसरं रेल्वे गेट. लाइन मोकळी असल्याची खात्री झाल्याशिवाय फाटक उघडत नाही, मग मागे कितीही हॉर्न वाजोत.

पेशीतही मुख्य फाटकं तीन. पहिलं जी१ च्या शेवटी: पेशी पुरेशी वाढली आहे का, बाहेरून वाढीचा निरोप आला आहे का, डीएनए धड आहे का? दुसरं जी२ च्या शेवटी: नक्कल पूर्ण झाली का, कुठे तुटफूट राहिली का? तिसरं विभाजन चालू असतानाच: प्रत्येक गुणसूत्राला दोन्ही बाजूंचे धागे बरोबर जोडले गेलेत का? हे तिसरं मला सगळ्यांत विलक्षण वाटतं. ४६ पैकी एक गुणसूत्र जरी धाग्याला जोडायचं राहिलं असेल तरी बाकीची ४५ थांबून राहतात.

६. हे फाटक उघडतं कोण?

सीडीके नावाची प्रथिनं आणि त्यांच्या जोडीला सायक्लिन. सीडीके म्हणजे फाटकाचं हँडल समजा. ते पेशीत कायम असतं, पण किल्ली लावल्याशिवाय फिरत नाही. ती किल्ली म्हणजे सायक्लिन, आणि प्रत्येक फाटकाची किल्ली वेगळी. पहिल्या फाटकाशी सायक्लिन-डी ही सीडीके४ आणि सीडीके६ बरोबर काम करते, पाठोपाठ सायक्लिन-ई सीडीके२ बरोबर येते. डीएनएची नक्कल चालू असताना सायक्लिन-ए असते. विभाजनात शिरण्यासाठी सायक्लिन-बी आणि सीडीके१ लागतात.

गंमत पुढे आहे. काम झालं की पेशी ती किल्ली जपून ठेवत नाही, तिचे तुकडे करून टाकते. त्यामुळे चक्र मागे फिरत नाही. पुढच्या फेऱ्याला नवी किल्ली घडवावी लागते, आणि ती घडवायची की नाही हे पुन्हा बाहेरून येणाऱ्या निरोपांवर ठरतं.

७. हे सगळं कुणी शोधलं? परीक्षेला विचारतात.

परीक्षेसाठी तीन नावं पुरेत: लेलँड हार्टवेल, टिम हंट आणि पॉल नर्स, २००१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल. हार्टवेल यांनी साध्या यीस्टवर काम करून चक्र चालवणारी जनुकं वेगळी काढली. नर्स यांनी दुसऱ्या जातीच्या यीस्टमध्ये त्यांतलं कळीचं जनुक गाठलं आणि १९८७ मध्ये दाखवलं की माणसातलं तसंच जनुक यीस्टमध्ये घातलं तरी यीस्टचं काम चालतं. हंट यांना १९८२ मध्ये समुद्री साळिंदराच्या अंड्यांत एक प्रथिन दिसलं. ते वाढत जायचं आणि दर विभाजनाला नाहीसं व्हायचं. तेच सायक्लिन.

मी वर्गात चौथं नाव घेतेच: पी. एन. राव. त्यांनी आणि जॉन्सन यांनी १९७० मध्ये वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या दोन पेशी एकमेकींत मिसळल्या. एस मधल्या पेशीशी जी१ मधली पेशी जोडली की जी१ चं केंद्रकही लवकर नक्कल सुरू करायचं. जी२ मधली जोडली तर तिचं केंद्रक मात्र पुन्हा नक्कल करायचं नाही. म्हणजे "पुढे चल" असा निरोप देणारं काहीतरी पेशीरसात फिरत असतं, आणि एकदा नक्कल झालेलं केंद्रक त्याला दाद देत नाही. सायक्लिनचं नावही नव्हतं तेव्हाची ही गोष्ट.

८. पी५३ चं नाव सगळीकडे येतं. ते करतं काय?

डीएनए तुटला की फाटक बंद ठेवतं. एरवी पेशी हे प्रथिन बनवते आणि लगेच मोडूनही टाकते, त्यामुळे ते थोडंच असतं. इजा झाली की मोडणं थांबतं आणि पी५३ साठतं. ते पी२१ नावाचं दुसरं प्रथिन बनवायला लावतं, पी२१ सीडीकेला धरून बसतं आणि चक्र थांबतं. तेवढ्या वेळात दुरुस्ती झाली तर ठीक. इजा दुरुस्तीपलीकडची असेल तर पी५३ त्या पेशीला मरायला लावतं. एक पेशी गेली, पण बिघाड पुढे गेला नाही.

माणसाच्या कॅन्सरपैकी साधारण निम्म्यांत पी५३ चं जनुक बिघडलेलं सापडतं. एवढी एक गोष्ट कळली तरी या धड्याचं अर्धं काम झालं.

९. कॅन्सर घराण्यात चालत येतो का?

बहुतेक कॅन्सर तसे नसतात. पण काही असतात, आणि ते समजायला आरबी हे जनुक उत्तम उदाहरण आहे. आरबी प्रथिन पहिल्या फाटकावर ई२एफ नावाच्या प्रथिनाला अडवून धरतं. सायक्लिन-डीची जोडी आरबीवर फॉस्फेट चिकटवते तेव्हा त्याची पकड सुटते, ई२एफ मोकळं होतं आणि डीएनए नकलेची जनुकं चालू होतात.

या जनुकाच्या प्रत्येक पेशीत दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. एक बिघडली तरी दुसरी काम भागवते. लहान मुलांच्या डोळ्यात होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमाच्या ४८ रुग्णांची माहिती तपासून आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ मध्ये मांडलं की या कॅन्सरला दोन घाव लागतात. ज्या बाळाला एक बिघडलेली प्रत जन्मतःच मिळते त्याला एकच घाव पुरतो, म्हणून त्याला लवकर आणि पुष्कळदा दोन्ही डोळ्यांत होतो. म्हणजे वारशाने कॅन्सर येत नाही, एक घाव आधीच पडलेला येतो. बाळाच्या फोटोत फ्लॅशने बुबुळात लाल चमक येण्याऐवजी एका डोळ्यात पांढरी चमक दिसली, तर दृष्ट काढत बसू नका, त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

१०. मग कॅन्सरमध्ये बिघडतं काय? एका दिवसात होतो का तो?

एका दिवसात होत नाही, आणि एका बिघाडाने सहसा होत नाही. दोन तऱ्हेचे बिघाड साठत जातात. एक, पुढे ढकलणारी जनुकं अडकून पडतात. रॅस प्रथिन बाहेरून निरोप आला की चालू होतं आणि मग बंद होतं, बिघडलेलं रॅस बंदच होत नाही. सायक्लिन-डीच्या जनुकाच्या जादा प्रती तयार होणं हाही याच तऱ्हेतला बिघाड, तोंडाच्या कॅन्सरमध्ये पुष्कळदा सापडणारा. दुसरी तऱ्हा पहारेकरी निकामी होण्याची: पी५३ (प्रश्न ८), आरबी (प्रश्न ९), पी१६ (प्रश्न १६).

पहारा गेला की तुटका डीएनए घेऊनच पेशी पुढे जाते, गुणसूत्रं विषम वाटली जातात आणि दर फेऱ्याला नवे बिघाड पडतात. या साठण्याला बहुधा वर्षानुवर्षं लागतात. हा काळच आपल्या हातातला आहे, हे मी प्रत्येक वर्गात आणि प्रत्येक फोनवर सांगते.

११. कॅन्सरच्या पेशी निरोगी पेशींपेक्षा वेगाने विभागतात, बरोबर?

हे सगळ्यांत जास्त वेळा चुकणारं उत्तर आहे. काही कॅन्सरमध्ये तसं असतं, पण पुष्कळ गाठींतल्या पेशी तुमच्या आतड्याच्या किंवा अस्थिमज्जेच्या पेशींपेक्षा सावकाशच विभागतात. फरक थांबण्याचा आहे. निरोगी पेशी जखम भरली, शेजारी जागा उरली नाही, डीएनए तुटला, की थांबते. कॅन्सरची पेशी थांबत नाही.

१२. तंबाखू, मशेरी, गुटखा तोंडात ठेवल्याने फाटकाला काय होतं?

आमच्या निपाणीच्या आत्या तंबाखूच्या वखारीत कामाला होत्या. पहाटे मशेरी भाजायच्या, तो करपट वास अंगणभर भरायचा. काळी पूड तळहातावर घेऊन बोटाने दातांवर फिरवायच्या, आणि उरलेली चिमूट डाव्या गालात. दिवसातून तीन-चार वेळा, त्याच गालात. पुढे पांढरा पट्टा उठला तो नेमका त्याच जागी.

तंबाखूत नायट्रोसमाइन जातीची रसायनं असतात, आणि विडी-सिगारेटच्या धुरात त्यांच्या जोडीला बेंझोपायरिनही. शरीरात त्यांचं रूप बदलतं आणि ती डीएनएला चिकटतात. नक्कल करताना तिथे चुकीचं अक्षर पडतं. तोंडाचं अस्तर सतत नवं होत असल्याने (प्रश्न ४) नकला सारख्या चालू असतात, आणि प्रत्येक नक्कल म्हणजे चुकीला संधी. अशा चुका पी५३ आणि पी१६ यांच्या जनुकांत पडल्या की पहिलं फाटक उघडंच राहतं.

कर्नाटकात गुटख्यावर २०१३ पासून बंदी आहे. पण पान मसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी घेऊन तोंडात एकत्र केली तर पेशीला तो गुटखाच.

१३. आम्ही तंबाखू घालत नाही, नुसती सुपारी खातो. ती तर पूजेलाही चालते.

पूजेत ठेवायला काहीच हरकत नाही. पण चघळण्यासाठी नुसती सुपारीही निर्धोक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत धरली आहे. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर कडक होत जातं आणि तोंड उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील, तिखट लागताच आग होत असेल, तर दाखवून घ्या.

१४. आम्ही खात-ओढत नाही, फक्त विड्या वळतो. आम्हाला धोका आहे का?

तोंडाचा मोठा धोका तोंडात ठेवण्याने आणि ओढण्याने येतो, तो तुम्हाला नाही. पण निकोटीन त्वचेतून शरीरात जातं आणि धूळ श्वासातून जाते. तंबाखू हाताळणाऱ्या कामगारांच्या पेशींत गुणसूत्रांची तुटफूट जास्त आढळल्याचं आपल्याकडच्या अभ्यासांत दिसलं आहे. नाकातोंडावर ओढणी किंवा पदर, कामाच्या जागी वारा, जेवणाआधी साबणाने हात, आणि सूप घेऊन वळत बसलेल्या आईच्या मांडीवर बाळ नको.

१५. गर्भाशयमुखाचा कॅन्सर विषाणूने होतो म्हणतात. विषाणूचा फाटकाशी काय संबंध?

थेट संबंध. या विषाणूचं नाव एचपीव्ही. त्याच्या १६ आणि १८ या जातींकडे ई६ आणि ई७ अशी दोन प्रथिनं असतात. ई६ पी५३ ला मोडायला लावतं, ई७ आरबीला धरून निकामी करतं. म्हणजे जनुकं धड असूनही दोन्ही पहारेकरी नाहीसे. हाराल्ड त्सुर हाउझेन यांना या विषाणूचा संबंध दाखवल्याबद्दल २००८ चं नोबेल मिळालं. राव आणि जॉन्सन यांनी ज्या हीला पेशी वापरल्या (प्रश्न ७) त्या १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या, आणि त्यांतही एचपीव्ही १८ च आहे. लस आहे, आणि विषाणूशी गाठ पडण्याआधी, म्हणजे ९ ते १४ वयात दिली तर सर्वांत उपयोगी पडते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लसही २०२३ मध्ये आली आहे. लस घेतली तरी मोठ्या वयात तपासणी करायची असतेच.

१६. रिपोर्टमध्ये "पी१६ पॉझिटिव्ह" आहे. पी१६ पहारेकरी आहे ना? मग ते जास्त असूनही कॅन्सर कसा?

या यादीतला सगळ्यांत चांगला प्रश्न, आणि तो एका रिक्षावाल्या दादांनी विचारला होता. पी१६ सायक्लिन-डीच्या जोडीला अडवतं, म्हणजे आरबीच्या आधीच्या पायरीवर उभं असतं. प्रश्न १२ मधल्या तंबाखूच्या कॅन्सरमध्ये पी१६ चं जनुकच बहुधा गळून जातं. एचपीव्हीच्या कॅन्सरमध्ये उलट होतं. ई७ ने आरबीला आधीच बाद केलेलं असतं, आणि आरबी नाही म्हटल्यावर पेशी पी१६ भरमसाट बनवत राहते. पण ज्याच्यासाठी पहारा द्यायचा तेच उरलेलं नसल्याने त्याचा उपयोग होत नाही. म्हणून घशाच्या वरच्या भागातल्या, टॉन्सिलजवळच्या कॅन्सरमध्ये पी१६ पॉझिटिव्ह ही एचपीव्हीची खूण मानतात, आणि अशा रुग्णांना उपचारांचा गुण सहसा जास्त येतो. गालाच्या किंवा हिरडीच्या कॅन्सरला हा नियम तसाच लावू नका.

१७. आणि "केआय-६७ : ४० टक्के" म्हणजे ४० टक्के कॅन्सर पसरलाय का?

नाही, मुळीच नाही. केआय-६७ हे प्रथिन चक्रात असलेल्या पेशीत दिसतं, जी० मधल्या पेशीत दिसत नाही. ४० टक्के म्हणजे तपासलेल्या तुकड्यातल्या शंभरपैकी ४० पेशी चक्रात होत्या. पसरण्याचं मोजमाप वेगळं, त्याला स्टेज म्हणतात. हा आकडा वाचून एका घरात दोन दिवस चूल पेटली नव्हती. रिपोर्ट हातात देणाऱ्याने एक वाक्य बोलायला हवं होतं.

१८. केमोने केस का गळतात? औषध चुकीचं लागलं का?

औषध आपलं काम करत असतं. बहुतेक केमोची औषधं चक्रात असलेल्या पेशीला गाठतात: काही डीएनएच्या नकलेत अडथळा आणतात, काही विभाजनाच्या धाग्यांत. केसांच्या मुळाशी, तोंडाच्या अस्तरात आणि अस्थिमज्जेत पेशी सतत विभागत असतात, त्यामुळे त्याही सापडतात. म्हणून केस गळणं, तोंड येणं, रक्त कमी होणं. मधे दोन-तीन आठवडे सोडतात ते या पेशींना सावरायला वेळ मिळावा म्हणून. केस बहुधा परत येतात.

१९. सदाफुलीपासून कॅन्सरचं औषध होतं ना? मग परसातली पानं उकळून दिली तर?

देऊ नका. औषध होतं हे खरं आहे: व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन सदाफुलीतूनच मिळाली. विभाजनाचे धागे ती बांधू देत नाहीत, पेशी प्रश्न ५ मधल्या तिसऱ्या फाटकावर अडकते आणि मरते. पण पानांत त्यांचं प्रमाण अत्यल्प आहे, ढीगभर पानांतून चिमूटभरही निघत नाही. औषध म्हणून ती थेट शिरेतून, मिलिग्रॅममध्ये मोजून देतात. काढ्यात काय किती उतरलं हे कुणालाच मोजता येत नाही, आणि त्या झाडात इतरही तीव्र द्रव्यं आहेत. केमो चालू असताना तर घरगुती काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

२०. आईला स्तनाच्या कॅन्सरसाठी गोळ्या दिल्यात. २१ दिवस घ्यायच्या, ७ दिवस बंद. मधे बंद केल्याने आजार वाढत नाही का?

ही बहुधा पाल्बोसिक्लिब किंवा रायबोसिक्लिब असेल. सीडीके४ आणि सीडीके६ हे हँडलच (प्रश्न ६) ती धरून ठेवते. प्रयोगशाळेतल्या शोधातून थेट गोळी निघाल्याचं हे उदाहरण, पहिली २०१५ मध्ये आली. ज्या गाठींत हार्मोनचे ग्राहक (हार्मोनचा निरोप घेणारी प्रथिनं, रिसेप्टर) असतात आणि हर-टू हे वाढीचा निरोप देणारं प्रथिन जास्त नसतं, त्यांनाच ती हार्मोनच्या औषधाबरोबर देतात. तिने पांढऱ्या पेशी बनवणाऱ्या मज्जेच्या पेशीही थांबतात. पण त्या मरत नाहीत, नुसत्या थांबतात, आणि आठवडाभराच्या सुट्टीत पुन्हा कामाला लागतात. म्हणून सुट्टी हा उपचाराचाच भाग. आपल्या मनाने वाढवू नका, गाळूही नका. त्याच जातीची अबेमासिक्लिब मात्र रोज, सुट्टीशिवाय घेतात, तेव्हा शेजारणीच्या गोळीशी तुलना नको.

२१. पेशी जास्त तेवढा कॅन्सर जास्त, असं असेल तर हत्तीला सगळ्यांत जास्त व्हायला हवा?

खानापूरच्या एका मुलाने हे विचारलं, दांडेलीकडून उतरलेल्या हत्तींनी त्यांचा ऊस तुडवला होता त्या आठवड्यात. हिशेबाने व्हायला हवा, पण हत्तींत कॅन्सरने मरण्याचं प्रमाण माणसापेक्षा कमी आहे. २०१५ मध्ये एक कारण पुढे आलं: माणसात पी५३ चं जनुक एक, म्हणजे दोन प्रती. हत्तीत त्याची सुमारे २० रूपं, म्हणजे साधारण ४० प्रती. त्यांतल्या पुष्कळ अपुऱ्या आहेत, तरी हत्तीच्या पेशीचा डीएनए तुटला की ती दुरुस्तीच्या खटपटीत न पडता लवकर मरून जाते.

२२. वीस वर्षं मशेरी लावली. बिघाड तर पडलेच असतील, आता सोडून काय उपयोग?

पडलेला बिघाड सोडल्याने पुसला जात नाही, हे खरं. पण प्रश्न १० मध्ये सांगितलं तसं एकाने भागत नाही, पुढचे पडावे लागतात. सोडलं की ते पडण्याचं मोठं कारण थांबतं, आणि धोका वर्षागणिक कमी होत जातो.

आत्यांनी वयाच्या ५८ व्या वर्षी मशेरी सोडली. पट्ट्याचा तुकडा काढून तपासला, कॅन्सर नव्हता. "सुई लागली की पसरतं" असं वखारीतल्या बायका सांगत होत्या म्हणून त्या आठ महिने गेल्या नव्हत्या. तपासणीसाठी तुकडा काढल्याने कॅन्सर तयार होत नाही, आणि तोंडातला तुकडा काढल्याने तो पसरेल म्हणून तपासणी टाळण्यात उशिराचाच धोका आहे. आता दर पंधरवड्याला त्या खिडकीजवळ आरसा घेऊन बसतात. दोन्ही गाल बोटाने ओढून, हिरड्यांच्या बाजू, जीभ वर उचलून खालची जागा, जिभेच्या दोन्ही कडा. पांढरा किंवा लाल पट्टा, न दुखणारी गाठ, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम यांपैकी काहीही दिसलं तर दाताच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं, दुखत नसलं तरी. सुरुवातीला ते बहुधा दुखतच नाही.